डाव्या पायाचं काम

माझ्या पर्सच्या अस्तरात मी एक चोरकप्पा शिवून घेतला होता. त्यात दोन महिन्यांपासून माझं ड्रायव्हिंग लायसन्स होतं आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या कुठल्या बाईने नवऱ्यापासून लायसन्स लपवलं तर लोक हसतील. पण आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. म्हणजे तीन महिन्यांपूर्वीपर्यंत शिकवायचे, सव्वीस वर्षं. अर्ध्या शहराला ह्यांनी क्लच सोडायला शिकवलं. आणि ह्यांची बायको दर मंगळवारी "लॅबमध्ये जादा काम आहे" असं सांगून ह्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे शिकायला जात होती. हे त्याला टोपीवाला म्हणतात. असे सोळा महिने गेले.

त्यातून लायसन्स मिळालं ते फक्त ऑटोमॅटिकचं. क्लच असलेली गाडी मला चालवता येणार नाही, असं त्यावर स्वच्छ छापलेलं आहे. ह्यांच्या लेखी ऑटोमॅटिक म्हणजे गाडीच नव्हे. "वॉशिंग मशीन," म्हणतात. "बटण दाबा आणि बसा."

बावीस वर्षांपूर्वी ह्यांनी मला शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता. शिकाऊ माणसावर कधी आवाज न चढवणारा हा माणूस माझ्या शेजारी बसल्यावर तिसऱ्या मिनिटाला ओरडला. मी घाबरून फाटकाच्या खांबाला गाडी घासली. "तुझ्यानं नाही व्हायचं," असं म्हणून ह्यांनी किल्ली काढून घेतली. मी कानाला खडा लावला तो लावलाच.

तो खडा काढायला एक दुपार कारण झाली. दीड वर्षापूर्वी आम्ही माझ्या नणंदेकडून परत येत होतो. हायवेवर स्वच्छ ऊन होतं, हे काहीतरी बोलत होते आणि बोलता बोलता गप्प झाले. "रस्ता फिरतोय," म्हणाले. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि डोकं स्टिअरिंगवर टेकून बसले. अंगाला दरदरून घाम, डोळे उघडले की उलटी. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी आमची गाडी हलत होती. किल्ली समोर होती, गाडी धडधाकट होती, रस्ता मोकळा होता. आणि मी, दाताच्या कवळ्या बनवणारी, दिवसभर केसाएवढ्या फरकाशी भांडणारी बाई, नुसती ह्यांची पाठ चोळत होते. मदत यायला पाऊण तास लागला. नंतर डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाचा त्रास आहे. कदाचित परत येईल, कदाचित कधीच येणार नाही.

ते "कदाचित" माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढच्याच महिन्यात मी नोकरी करते त्या लॅबच्या मागच्या गल्लीतून टोपीवाल्याकडे गेले. क्लच शिकायला जास्त दिवस लागतील असं तो म्हणाला, आणि मला घाई होती. "ऑटोमॅटिक शिकवा," मी म्हटलं.

हे सगळं मी ह्यांना योग्य वेळ बघून सांगणार होते. योग्य वेळ आली नाही. आली ती ही स्पोर्ट्स कार.

ड्रायव्हिंगची शाळा बंद करताना हे म्हणाले होते, "गुडघे कुरकुरतात. पुरे झालं." आणि तीन महिन्यांनी, गेल्या शनिवारी सकाळी म्हणाले, "जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये ती दोन सीटची आलीय. बघून येतो." ती म्हणजे कुठली हे मला विचारावं लागलं नाही. लग्नाआधीपासून ह्यांच्या पाकिटात त्या गाडीचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आहे. माझा फोटो त्याच्या मागे आहे, हेही सांगून टाकते.

"मीही येते," मी म्हटलं.

"तू कशाला? नुसती बघायचीय. मी एकटा जाऊन येतो."

"मी येते," मी म्हटलं आणि चपला घातल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. क्लचवाली मॅन्युअल घेतली तर पुढची दहा वर्षं मी पुन्हा पाठच चोळणार, हे मला दिसत होतं.

आम्ही ह्यांच्या शाळेच्या जुन्या गाडीतूनच गेलो. शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असलेल्या. मी पाय आखडून बसले.

शोरूमचा विक्रेता ह्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. हे प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या चुकीवरून नाव ठेवतात. हा प्रत्येक वेळी तिसऱ्या गियरमध्ये गाडी उचलायला बघायचा, म्हणून थर्डगियर. आता टाय लावून, पोट पुढे काढून उभा होता. हसला तेव्हा त्याचा वरचा सुळा मी ओळखला. आमच्याच लॅबमधला.

"सर, नशीब बघा. सारख्याच दोन आल्यात. निळी मॅन्युअल, करडी ऑटोमॅटिक. कागद तयार आहेत, हवी ती आजच न्या. फक्त पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय. तुम्ही जी सोडाल ती तो घेणार."

घड्याळात सव्वातीन झाले होते.

थर्डगियरने फॉर्म पुढे केला. "चालवून बघणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स लागतं. विम्याचा नियम आहे. मॅडमचं आहे का?"

एक शब्द बोलायचा होता. पर्स मांडीवर होती आणि बोट अस्तरावरून फिरत होतं.

"हिचं कुठलं?" हे हसून म्हणाले. "आमच्या फाटकाच्या खांबाला विचार."

थर्डगियरही हसला. मी मूग गिळून बसले. ह्यांच्या हसण्याचा राग आला, आणि माझ्या न बोलण्याचा त्याहून जास्त.

आधी निळी घेतली. दोघंच बसणार म्हणून थर्डगियर मागे राहिला. "सरांच्या शेजारी बसून मी काय सांगणार?" म्हणाला. गाडी इतकी बुटकी की त्यात बसायचं म्हणजे जमिनीवरच बसल्यासारखं. ह्यांनी आरसे लावले, पट्टा बांधला, गियरच्या दांडीवर हात ठेवला आणि क्षणभर काहीच केलं नाही. मग आम्ही निघालो.

काय सांगू? सव्वीस वर्षं मी ह्यांना शेजारच्या सीटवरून ब्रेक मारून घरी आलेलं पाहिलं होतं. चालवताना पाहिलं होतं ते भाजीला, दवाखान्यात जाताना. हे असं नव्हतं. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा, गियर कधी पडला ते कळत नव्हतं. वळणावर ह्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या उलट्या दिशेला गेल्या. हे गुणगुणत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र ह्यांच्या कपाळाकडे बघत होते, घाम येतोय का ते. हायवेची पाटी दिसली तेव्हा मी दाराचं हँडल धरलं.

"काय झालं?"

"काही नाही. अहो, तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही होत? दर वेळी क्लच दाबायचा."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"तुम्हीच म्हणालात ना? गुडघ्यांसाठी शाळा बंद केलीत."

"ते वेगळं," हे म्हणाले आणि गाडी परत वळवली. मला वाटलं, मुद्दा लागू पडला. चला, एक पाऊल पुढे.

"ऑटोमॅटिक नुसती चालवून तर बघा," मी शोरूमच्या दारात लाडात आल्यासारखं म्हटलं. तिशीनंतर मी लाडात आलेले नाही, त्यामुळे ह्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण बघितली, माझ्यासाठी म्हणून. पावणेचार झाले होते.

करडीत बसल्यावर ह्यांचा डावा पाय कुठे ठेवावा हेच ह्यांना कळेना. तो पाय बेकार झाला होता. कधी मागे घ्यायचे, कधी पुढे टेकवायचे. तरी सरळ रस्त्यावर सगळं ठीक चाललं. मला धीर आला. मी पर्स उघडलीही. आता सांगते, या वळणानंतर सांगते, असं मनात म्हणत होते.

वळण आलं. ह्यांनी वेग कमी केला आणि सवयीने दुसरा गियर टाकायला डावा पाय क्लचवर मारला. क्लच नव्हताच. ऑटोमॅटिकचा ब्रेक रुंद असतो, तो पाय त्याच्या कडेवर बसला, आणि क्लच दाबतात तसा तळापर्यंत गेला. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. पट्टा माझ्या गळ्याला काचला. मागे कर्कश हॉर्न, टायर घासल्याचा आवाज, आणि मग आरशात नुसती ट्रकची जाळी. एवढी जवळ की जाळीत अडकलेलं वाळकं पान मला दिसलं.

कोणी धडकलं नाही. ट्रकवाल्याने आमचा उद्धार करत बाजूने ट्रक काढला. ह्यांनी गाडी हळूहळू कडेला घेतली.

"बघितलंस?" हे म्हणाले. "सव्वीस वर्षं या पायाने दुसऱ्यांचा क्लच दाबलाय. वळण दिसलं की तो आपोआप खाली जातो. हजार जणांना सांगितलं असेल, ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय बांधून ठेवा. ही गाडी माझ्या हातात देणं म्हणजे जीव घेणं. मॅन्युअलच बरी."

हे खरं होतं. तेच तर भयंकर होतं. ह्यांच्या हाती सुरक्षित होती ती गाडी मला चालवता येत नव्हती, आणि मला चालवता येत होती तिने आत्ताच आम्हाला ट्रकखाली घातलं असतं. माझे सगळे डाव एका पायाने उधळले.

"मला चालवता येते," मी म्हटलं.

"काय?"

"ही गाडी. ऑटोमॅटिक. लायसन्स आहे माझ्याकडे." आणि अस्तरातून ते काढून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. कार्ड निसटून खाली गेलं आणि ह्यांनाच उचलावं लागलं.

ह्यांनी ते चष्मा वर करून वाचलं. तारीख वाचली, पुन्हा वाचली.

"कोणाकडे शिकलीस?"

"टोपीवाल्याकडे."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ह्यांनी एवढंच विचारलं, "मंगळवारी?"

"मंगळवारी."

"कितव्यांदा पास झालीस?"

"तिसऱ्यांदा."

"दोनदा कशात गेलीस?"

"दोन्ही वेळा आरसा बघायचा राहिला."

"तो आरशाकडे लक्षच देत नाही," हे टोपीवाल्याबद्दल म्हणाले. नंतर फोन काढून माझ्या लायसन्सचा फोटो घेतला आणि थर्डगियरला फोन लावला. "फॉर्मवर अजून एक नाव लिही. फोटो पाठवतोय. हो, मॅडमचं. दात काढू नकोस." मग पट्टा सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये इकडे. बस."

मी गाडीला वळसा घालून गेले. सीट पुढे घेतली, आरसे लावले. एकदा नाही, दोनदा बघितले. गाडी उचलली तेव्हा ह्यांचा हात दाराच्या हँडलवर गेला आणि दोन्ही पाय गालिचावर दाबले गेले. तिथे त्यांचे क्लच-ब्रेक नव्हते. बिचारे पाय, पूर्ण रस्ताभर काहीतरी शोधत होते. मला बावीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू येईल असं प्रत्येक चौकात वाटत होतं. हे ओरडले नाहीत. एकदा फक्त "बस येतेय" म्हणाले. मला दिसली होती. शोरूमच्या आवारात मी दोन खांबांच्या मध्ये गाडी लावली, एका दमात.

"चांगली चालवतेस," हे म्हणाले.

बावीस वर्षं हे वाक्य ऐकायची माझी इच्छा होती. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "अहो, मी तुमच्या नाकावर टिच्चून नाही शिकले. त्या दिवशी हायवेवर मी नुसती बसून होते. परत तसं झालं तर मला तुम्हाला तिथून काढता यायला हवं होतं. एवढंच."

"परत आलीय."

"काय?"

"चक्कर," हे म्हणाले. ह्यांनी अजून पट्टा काढला नव्हता. "तीन महिन्यांपूर्वी. एक मुलगी शिकायला होती, दहावा दिवस. मोठ्या चौकात सगळं फिरायला लागलं. सिग्नल कुठे, ती कुठे, काही कळेना. पायाला ब्रेक सापडेना. तिने आपली आपण गाडी चौकातून काढली, कडेला लावली आणि म्हणाली, 'सर, आज तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, परीक्षा घेत होता ना?' मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळा बंद केली."

"आणि मला गुडघे सांगितलेत?"

"त्यानंतर अजून दोनदा आली. घरी. तू लॅबमध्ये होतीस."

"अहो, आणि आज तुम्ही मला शेजारी बसवून हायवेपर्यंत..." मला पुढे बोलवेना. राग आला होता, इतका की ह्यांच्या दंडावर मी चक्क एक गुद्दा मारला. दुसराही मारला असता.

"तुला येऊ नको म्हणालो होतो ना? गाडी घ्यायला मी आलोच नव्हतो गं. एकदा, फक्त एकदा चालवायची होती. सकाळपासून बरं वाटत होतं. चालवली असती, विचार करून सांगतो म्हणालो असतो आणि घरी आलो असतो. मग लायसन्स परत देऊन टाकणार होतो."

काचेवर टकटक झाली. थर्डगियर फॉर्म घेऊन वाकला होता. "सर, साडेचार झाले. ठरलं का? निळी की करडी?"

आवारात पलीकडे आमची शाळेची जुनी गाडी उभी होती. मॅन्युअल. तिच्यातून घरी जायचं तर चालवणारे हेच. आणि मी आता ह्यांना आवाराच्या फाटकापर्यंतसुद्धा चालवू देणार नव्हते. मघापर्यंत ते लायसन्स मी "कदाचित"साठी बाळगलं होतं. कधी उपयोगी पडू नये अशीच इच्छा होती. आता इथून पुढे रोज, प्रत्येक रस्त्यावर, मीच. मला खूप भीती वाटली. बरं वाटलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

ह्यांनी निळीकडे पाहिलं. मी ह्यांना पुरेसा वेळ दिला. मग हे काच खाली करून म्हणाले, "करडी. आणि माझं नाव काट त्या फॉर्मवरून. चालवणारी ही एकटी."

"सर, थट्टा करताय?" थर्डगियरने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून पुढचं हसू त्याने आवरलं.

सह्या झाल्या. डॉक्टरांची सोमवार सकाळची वेळ मी तिथूनच फोन करून घेतली, हे शेजारी उभे राहून ऐकत होते. जुन्या गाडीची किल्ली ह्यांनी थर्डगियरच्या हातात दिली, "उद्या कुणाकडून तरी पाठवून दे," म्हणाले. पाच वाजता आम्ही निघालो तेव्हा ते दुसरं गिऱ्हाईक निळीभोवती फिरत होतं. ह्यांनी मान वळवून बघितलं नाही, म्हणून मीही बघितलं नाही.

पहिल्या सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "आत्ता येतेय का?"

"नाही."

"येईल तेव्हा लगेच सांगायचं."

"हो, सांगेन."

दुसऱ्या सिग्नलला पुन्हा विचारलं. तिसऱ्यालाही. चौथ्याला हे वैतागले, "अगं, नाही. पुढे बघ." घरापर्यंत सात सिग्नल आहेत. सहा वेळा हे नाही म्हणाले. सातव्याला मी विचारायच्या आधीच ह्यांनी डोळे मिटून डोकं मागे टेकलं आणि म्हणाले, "थोडीशी. आत्ताच सुरू झाली."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. "मिटूनच ठेवा डोळे," मी म्हटलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला.